पवनचक्कीचं शुद्धीकरण

तांब्यात गोमूत्र होतं. आंब्याची डहाळी बुडवून आमचा विभागप्रमुख ते शिंपडत होता. आधी टेबलावर, मग पवनचक्कीच्या लाकडी पात्यांवर, मग तिच्या मागच्या उघड्या डब्यावर. डब्यावर जरा जास्तच, कारण माझा हात सगळ्यांत जास्त तिथंच लागलेला. मी दारात उभा होतो. आत यायचं नाही, हे मला नुकतंच सांगून झालं होतं.

खंडेनवमीचा दिवस. वर्कशॉपात लेथला हार, हातोड्यांना हळदकुंकू, हे दरवर्षीचंच होतं. त्याचं मला काही नव्हतं. ज्याला करायचं त्यानं करावं. पण आमच्या प्रयोगशाळेत त्या वर्षी पहिल्यांदाच पूजा मांडली होती आणि पूजेच्या आधी हे शुद्धीकरण. कशासाठी, असं स्टोअरकीपरनं विचारलं. तेव्हा आमचा विभागप्रमुख माझ्याकडं न बघता बोलला, "दोन वर्षं कोणाकोणाचे हात लागलेत तिला. पाहुणे यायचेत. एकदा स्वच्छ झालेलं बरं."

कोणाकोणाचे? दोन वर्षं त्या यंत्राला एकाच माणसाचे हात लागत होते. माझे.

मग कुंकू झालं, अक्षता झाल्या, नारळ फुटला. नारळाचं पाणीही डब्यावर गेलं. स्टोअरकीपर प्रसाद घेऊन दारापर्यंत आला आणि खोबऱ्याचा तुकडा वरून माझ्या हातात टाकला. वरून. वीतभर अंतर राखून. आणि मी काय केलं? ओंजळ पुढं केली. खोबरं खाल्लं. मुकाट्यानं चावून गिळलं. आज ते आठवलं की तोंडात कडू पाणी येतं.

मी तिसरीत होतो तेव्हा आमच्या घरातले देव आमच्या बापानं ओढ्यात सोडले. छप्पनचं साल, धर्मांतराचं. आंदर मावळातल्या आमच्या वस्तीतल्या सगळ्याच घरांनी सोडले. बाप म्हणाला होता, आजपासनं कुणाच्या हाताखालचा प्रसाद घ्यायचा न्हाई. त्या बापाचा मी पोरगा. डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेला. आणि ओंजळ पुढं करतो. थू.

त्या विभागप्रमुखाला मी इथं अहो-जाहो करणार नाही. तेव्हा करत होतो. सर, सर करत मागं फिरत होतो. त्याची मला किळस येते ती येतेच, पण माझ्या त्या वेळच्या जिभेची त्याहून जास्त येते.

आमचं कॉलेज लोणावळ्याच्या एका टेकाडावर. मी तिथं लॅब असिस्टंट. तिथं बाकीच्या असिस्टंटांना तो "अहो" म्हणायचा, मला "अरे". एकदा जगभर तेल महागलं आणि सगळ्यांना एकदम वारा आठवला. त्यानं कुठल्याशा परदेशी मासिकातला एक फोटो माझ्यापुढं सरकवला. टेबलावर ठेवायची छोटी पवनचक्की, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी. म्हणाला, बघ रे, असलं काही जमतंय का. आणि चहाला निघून गेला.

मी जमवलं. पाती सागाची, स्वतः तासलेली. बेअरिंगं जुन्या स्कूटरची. वारा हवा म्हणून वर्कशॉपातल्या भट्टीचा टाकून दिलेला ब्लोअर आणून दुरुस्त केला. पुढं जाळी बसवली, पातं सुटलं तर कुणाला लागू नये म्हणून. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत तो दोनदा आला, दोन्ही वेळेला फोटोग्राफर बरोबर घेऊन.

त्या चक्कीवर शिकवायचं काय, ते सांगतो. वाऱ्याचा जोर वाढला की चक्की उधळते. तिला आवरायचं तर पाती जरा वळवायची, म्हणजे ती वारा कमी धरतात. किती वळवायची, कधी वळवायची, हे यंत्रानं आपलं आपण ठरवायचं. त्यासाठी मागच्या डब्यात एक छोटा डायनामो असतो. त्याला आम्ही टॅको म्हणायचो. चक्की किती जोरात फिरतेय ते तो विजेच्या दाबानं कळवतो. पुढचं कंट्रोलरचं खोकं ते ऐकतं, पाहिजे तेवढा वेग आहे का बघतं आणि पाती वळवणाऱ्या मोटरीला हुकूम सोडतं. एवढंच. याला कंट्रोल इंजिनिअरिंग म्हणतात. आमच्याकडं टॅकोचा डबा मी वरून उघडा ठेवलेला. आत काय चाललंय ते पोरांना दिसावं म्हणून.

विभागप्रमुख वर्गात फळाभर समीकरणं लिहायचा. पोरं ती उतरवायची. कळायचं कुणालाच नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला वेळापत्रकावर त्याचंच नाव, पण तो कधी फिरकायचा नाही. पोरं माझ्यापुढं. दोन वर्षं मी शिकवलं. तो नसला की पोरं मला सर म्हणायची. तो दारात दिसला की गप्प व्हायची.

एकदा काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरेना. यंत्राला आपली चूक कळते कशी, असं विचारत होती. तेव्हा मी माझ्या आईचं उदाहरण दिलं. खळ्यावर आई भात उपणायची. उंच दगडावर उभी, हातात सूप. वारा वाढला की तिचे हात खाली यायचे, धार जाड व्हायची. वारा पडला की हात वर, धार बारीक. पण तिची नजर कधीच सुपावर नसायची. नजर खाली, राशीवर. दाणा कुठं पडतोय, भुसा कुठं उडतोय, ते बघून हात हलवायचे. डोळे म्हणजे टॅको. हात म्हणजे मोटर. आणि नजर एक क्षण जरी हटली तरी दाणा भुशात गेलाच म्हणून समजा. पोरं हसली आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी माना हलवल्या. खरं कळल्याच्या माना.

ते खळं गावातल्या बागायतदाराचं. आईनं उपणलेला तांदूळ त्याच्या देवाच्या नैवेद्याला चालायचा. आईनं त्याच्या ओट्याला हात लावलेला चालायचा नाही. हे मी पोरांना सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

विभागप्रमुखानं ते दारातून ऐकलं. आत येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "हे कॉलेज आहे की खळं? आईबापाचे धंदे घरी ठेवून येत जा." पोरं खाली बघायला लागली. मी सॉरी सर म्हणालो. म्हणालो, काय करता.

पुढं डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली. म्हणजे प्रात्यक्षिक शिकवणारा, ज्याचं नाव वेळापत्रकावर लागतं. माझा डिप्लोमा होता, अनुभव होता, यंत्र मीच बनवलेलं. प्राचार्यांनी माझा अर्ज ठेवून घेतला. पाहुणे येऊन प्रयोग बघून जाऊ देत, मग तुझं नाव पाठवतो, असं म्हणाले. पुण्याचे काही प्राध्यापक आणि दिल्लीचा एक मोठा अधिकारी येणार होता. मला दुसरं काही नको होतं. मी जे रोज करतो त्याच्यापुढं माझं नाव असावं, इतकंच.

म्हणून त्या खंडेनवमीला मी दारात मुकाट उभा राहिलो. नाव लागेपर्यंत गिळायचं, असं मनाला बजावत होतो.

पूजा झाल्यावर विभागप्रमुखानं वर आणखी हुकूम सोडला. आता पाहुणे येईपर्यंत चक्कीला हात लावायचा नाही. पूजा मोडायची नाही. मी म्हणालो, सर, दर प्रयोगाआधी टॅको तपासावा लागतो, त्यावर पाणीबिणी गेलंय. तो हसला. पवित्र पाण्यानं काही बिघडत नाही म्हणाला. कंट्रोल इंजिनिअरिंग शिकवणारा माणूस. विजेच्या उघड्या यंत्रावर गोमूत्र आणि नारळाचं पाणी ओततो आणि तपासायचं नाही म्हणतो. का? तर तपासणारा हात माझा आहे.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी पाहुणे आले. मला व्हरांड्यात थांबायला सांगितलं होतं. खिडकीतून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. विभागप्रमुख पाहुण्यांपुढं बोलायला लागला. आणि काय बोलला? म्हणाला, आमच्या मावळात मी एकदा एका शेतकरी बाईला खळ्यावर उपणताना बघितलं. वारा वाढला की तिचे हात खाली येतात. तिची नजर सुपावर नसते, राशीवर असते. तेव्हा मला वाटलं, अरे, हेच तर कंट्रोल इंजिनिअरिंग!

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दिल्लीवाल्यानं वहीत टिपून घेतलं. माझी आई. माझ्या आईचे डोळे, माझ्या आईचे हात, त्या माणसाच्या तोंडात. खिडकीच्या गजाला धरून मी उभा राहिलो.

मग त्यानं ब्लोअर सुरू केला. चक्की फिरायला लागली. जरा वेळ ठीक. त्यानं वारा वाढवला. पाती वळायला पाहिजे होती, वारा सोडायला पाहिजे होती. वळली, पण उलटी वळली. वारा सोडायच्या ऐवजी आणखीच धरायला लागली. आवाज चढत गेला. टेबल थरथरायला लागलं. मला कळलं. टॅको काहीच कळवत नाही, आणि खोक्याला वाटतंय चक्की थांबलीय. विभागप्रमुख नुसता बघत उभा. बटण कुठलं दाबायचं ते त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षांत त्यानं ते यंत्र एकदाही बंद केलेलं नव्हतं.

मी आत पळालो आणि भिंतीवरचा मेन स्विच ओढला. त्याच वेळी एक पातं तुटलं आणि जाळीवर जाऊन आपटलं. जाळी होती म्हणून बरं. दिल्लीवाला जाळीच्या मागं दोन हातांवर उभा होता.

आणि विभागप्रमुख पाहुण्यांकडं वळून इंग्रजीत म्हणाला की आमच्या असिस्टंटनं न विचारता यंत्रात हात घातलेला दिसतोय, राखीव जागेवरची माणसं, आम्हाला चालवून घ्यावं लागतं. मला इंग्रजी कळत नाही असं त्याला वाटायचं. आमच्या माणसांना इंग्रजी येत असेल हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. टाइप केलेला कागद तयार. मी परवानगीशिवाय यंत्राशी छेडछाड केली, त्यामुळे नुकसान झालं, मी क्षमा मागतो, असं लिहिलेलं. विभागप्रमुखानं पेन टेबलावरून माझ्याकडं घरंगळत सोडलं. तो मला कधीच हातात काही द्यायचा नाही. सही केली तर नोकरी राहील, म्हणाला. जागेचं विसर.

मी पेन उचललं नाही. प्राचार्यांना म्हणालो, "आधी टॅको उघडून बघा. मग सही कुणाची घ्यायची ते ठरवा."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. चांगलेही नव्हते. सेवानिवृत्ती जवळ आलेला, कटकट नको म्हणणारा माणूस. पण आले. विभागप्रमुखही आला. मी त्यांच्यासमोर चार स्क्रू काढले आणि टॅको बाहेर काढला. आतल्या तांब्याच्या कड्यावर पिवळट, चिकट थर. त्यात कुंकू. कार्बनचा ब्रश अडकून बसलेला, त्याच्या फटीत अक्षतेचा एक दाणा. वास तर असा की प्राचार्यांनी नाकाला रुमाल लावला. मी मीटर जोडला आणि टॅको बोटानं फिरवला. काटा हलला नाही. मग स्पिरिटनं कडं पुसलं, ब्रश सोडवला, परत फिरवला. काटा उडाला. तीनदा दाखवलं. यंत्र बरोबरच वागलं होतं. त्याला खोटं सांगितलं गेलं होतं.

प्राचार्यांना कळलं. तोंडावरून दिसत होतं. पण ते छताकडं बघत म्हणाले की झालं ते झालं, अहवालात काहीतरी कारण लिहावं लागेल. विभागप्रमुख लगेच म्हणाला, "पूजेमुळं बिघडलं असं कुठल्या अहवालात लिहितात का?"

त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. गोमूत्र कारण होऊ शकत नाही. त्याचा हात कारण होऊ शकत नाही. मग कारण कोण? मी. मी तिथं कारण म्हणूनच ठेवलेला होतो. काम माझ्या हातानं व्हायचं, कौतुक त्याच्या नावानं, आणि बिघडलं की परत माझा हात. अंगावरून झुरळ गेल्यासारखं वाटलं. त्याच्याबद्दल नाही, मी दोन वर्षं जो गप्प राहिलो त्याच्याबद्दल.

विभागप्रमुखानं बरोबर आणून टेबलावर ठेवलेला तो माफीचा कागद मी उलटा केला. खिशातलं माझं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. टॅकोवर गोमूत्र, कुंकू, नारळाचं पाणी. ते कोणी टाकलं त्याचं नाव. तपासणीची मी मागणी केली, ती कोणी नाकारली त्याचं नाव. खाली माझं नाव आणि सही करून तो कागद प्राचार्यांपुढं ठेवला. आणखी एक प्रत काढून प्रयोगशाळेच्या नोंदवहीत चिकटवली. विभागप्रमुख म्हणाला, तुला जड जाईल. मी नोंदवही मिटून जागेवर ठेवली.

रविवारी घरी गेलो. स्टेशनपासून तीन तास चाल. आईला सगळं सांगितलं. गोमूत्राचं ऐकून ती नुसतीच हुं म्हणाली. तिला त्यात नवं काही नव्हतं. पण खळ्याचं सांगितलं तेव्हा तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"माजं नाव घेतलं का त्यानं?"

"न्हाई."

"तुजं?"

"न्हाई."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "सही न्हाई क्येली, बरं क्येलंस. पर उद्या परत तितंच जाऊन पोरास्नी शिकवशील. त्यो तुज्या तोंडानं शिकवतुय आन् तू तोंड देतुयास. त्ये कवा बंद करणार?"

मला वाटत होतं मी लढून आलोय. आईनं एका वाक्यात दाखवलं की लढाई अजून सुरूच झाली नव्हती.

मी नवं पातं तासून बसवलं. चक्की परत नीट चालायला लागली. मग गुरुवारी प्रात्यक्षिकाचा तास आला. पोरं जमली. वेळापत्रकावर विभागप्रमुखाचं नाव. मी ब्लोअर सुरू केला नाही. हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राहिलो. पोरं म्हणाली, सर, सुरू करा ना. मी म्हणालो, ज्यांचं नाव आहे ते येतील.

ते सोपं गेलं नाही. त्या पोरांना शिकवण्यात माझा जीव होता. त्यांच्यात दोघंतिघं मावळातलीच, खेड्यातून चालत येणारी. त्यांचा तास माझ्यामुळं बुडत होता. पण हललो नाही.

कुणीतरी जाऊन विभागप्रमुखाला बोलावून आणलं. तो तावातावानं आला. चक्कीपुढं उभा राहिला. पोरं वह्या उघडून त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं एक बटण दाबलं. काही झालं नाही. दुसरं दाबलं. भिंतीवरचा मेन स्विच बंद होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. पोरांतलं कुणीतरी खुदकन हसलं. तो माझ्याकडं वळला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा "अरे" म्हणाला नाही. "अहो, दाखवा ना त्यांना," म्हणाला.

मी म्हणालो, "वेळापत्रकावर माझं नाव लावा. मग दाखवतो."

पोरांसमोर म्हणालो. आवाज न चढवता. त्यानं पोरांना जायला सांगितलं आणि दार आपटून गेला.

त्यानंतर चार गुरुवार प्रयोगशाळा तशीच. मी रोज वेळेवर जात होतो. चक्की पुसत होतो, टॅको तपासत होतो, नोंद लिहीत होतो. शिकवत नव्हतो. मग मेमो आला. कामात कसूर. प्राचार्यांनी बोलावून समजावलं की कशाला हट्ट करतोस, डेमॉन्स्ट्रेटरची जागा तर आता गेलीच, निदान राजीनामा देऊन मानानं जा, दुसरीकडं शिफारस देतो.

मानानं. दोन वर्षं माझ्या हाताचं घेतलं, तोंडाचं घेतलं, माझ्या आईचं घेतलं, आणि आता मान देतात. तोही निघून जायच्या अटीवर.

मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. राजीनामा देणार नाही. माफी लिहिणार नाही. माझं काम नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय, ते सगळं करीन. शिकवणं त्यात नाही. ते पाहिजे असेल तर माझ्या नावानं मागा. दुसऱ्याच्या नावाखाली आता एक शब्द निघायचा नाही माझ्या तोंडातून.

"आणि काढायचंच असेल तर काढा," मी म्हणालो. "पण कारण लिहून काढा. खरं कारण. तुमच्या सहीनं."

मेमो त्यांच्याच टेबलावर ठेवून मी प्रयोगशाळेत परत आलो. साडेअकरा वाजले होते. कामाचा दिवस होता, आणि मी कामावर होतो.